दहाव्या नंबरचा सामना

बीटरूटने ती बातमी सांगितली तीसुद्धा झोनच्या भांडणात, जाता जाता, दाराबाहेर चपला घालताना सांगावी तशी.

'बगळ्यांचा कट्टा' या संकेतस्थळावर गुरुवारी सकाळपासून काथ्याकूट चालला होता. आदल्या दिवशी टॅमरॅक कॉलेजचा बास्केटबॉल संघ, म्हणजे बगळे, घरच्या मैदानावर चार गुणांनी हरला होता. उत्तरार्धात कोचने मॅन-टू-मॅन सोडून झोन लावली, म्हणून हरलो असं अर्ध्या कट्ट्याचं म्हणणं. आधीपासूनच झोन लावली नाही, म्हणून हरलो असं उरलेल्या अर्ध्याचं. मॅन-टू-मॅन म्हणजे ज्याने त्याने आपापला गडी धरायचा आणि तो जाईल तिकडे त्याच्यामागे जायचं. झोन म्हणजे ज्याने त्याने आपापली जागा राखायची आणि तिथे जो येईल त्याला अडवायचं. एवढ्याशा गोष्टीवर शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं भांडतात, हे अमेरिकेच्या इंडियाना राज्याबाहेर कुणाला सांगून पटायचं नाही.

"कोचला हाकला," चिडका बगळा नावाच्या इसमाने लिहिलं होतं. "आजच हाकला. पार्किंगमधूनच हाकला." संघ जिंकला तरी तो हेच लिहायचा, त्यामुळे त्याच्याकडे कुणी लक्ष देत नसे.

मग 'बारा नंबर'ने लिहिलं, "झोन लावली की आपला डावा कोपरा उघडा पडतो. काल तिथून पाच वेळा तीन-तीन गुण खाल्ले. मी खुर्चीत बसून मोजलेत."

त्यावर बीटरूट. ती उत्तर द्यायला कधी अर्ध्या तासाच्या वर घेत नसे. "मॅन-टू-मॅन खेळायला आपल्या माणसाकडे बघावं लागतं, बारा नंबर. आपले गडी चेंडूकडे टक लावून उभे असतात. माणूस पाठीमागून केव्हा निघून गेला, हे त्यांना शिट्टी वाजल्यावर कळतं."

हे 'बारा नंबर'च्या वर्मी लागलं. पण अजून एक ओळ होती.

"आणि हो, पुढच्या वर्षी खुर्चीतून लिहायला दुसरं कुणीतरी शोधा. येत्या मंगळवारी मी ॲरिझोनाला बहिणीकडे चालले आहे, कायमची. गुडघ्यांना थंडी सोसत नाही."

'बारा नंबर' म्हणजे वर्लिन ॲमस्टट्झ, वय सहासष्ट, जन्मभर लोकांच्या घरांवर छपरं घातलेला माणूस. बीटरूट म्हणजे नोरीन. एकतीस वर्षं त्याची बायको होती, गेली सहा वर्षं नव्हती. कट्ट्यावर खऱ्या नावाने कुणी लिहीत नाही आणि खरं नाव विचारणं तिथे असभ्यपणाचं मानतात. त्यामुळे झोनवरून रोज एकमेकांच्या झिंज्या उपटणारी ही दोन माणसं एके काळी एकाच पलंगावर झोपत होती, याचा कुणाला पत्ता नव्हता. वर्लिनने ती ओळ पुन्हा वाचली. त्याची बायको गाव सोडून चालल्याचं त्याला चारशे परक्यांच्या बरोबरीने कळलं होतं.

घटस्फोट का झाला, असं विचारलं तर दोघांनाही धड सांगता आलं नसतं. कुणी कुणाला मारलं नव्हतं, फसवलं नव्हतं. वर्लिन बोलायचा थांबला होता, एवढंच. घरात असायचा आणि नसायचा. जेवताना बशीकडे बघायचा, खिडकीतून पक्ष्यांकडे बघायचा, आणि नोरीन केस कापून आली तर तिसऱ्या दिवशी शेजारणीने सांगितल्यावर त्याला दिसायचं. शाळेचं स्वयंपाकघर चालवणारी, तीनशे पोरांना एका आवाजात गप्प करणारी बाई ती. असल्या घरात किती दिवस राहणार? एकदा तिने सांगितलं, "मी जाते." तो म्हणाला, "बरं." या 'बरं'साठी वर्लिनने पुढे स्वतःला किती शिव्या घातल्या त्याला सुमार नाही.

वाटण्या करताना घराचं, ट्रकचं, शीतपेट्यांचं काही अडलं नाही. अडलं ते खुर्च्यांचं. सातव्या विभागातल्या नवव्या रांगेतल्या दोन खुर्च्या, संबंध मोसमाच्या. त्यांच्यासाठी वर्लिन-नोरीन एकोणीस वर्षं प्रतीक्षायादीत होते. टॅमरॅकमध्ये अशा खुर्च्या मृत्युपत्रात लिहितात. दोघांपैकी कुणीच सोडायला तयार नव्हतं, आणि घटस्फोटानंतर शेजारी शेजारी बसायची दोघांचीही तयारी नव्हती. न्यायाधीश स्वतः बगळ्यांचा भक्त. त्याने मालमत्तेला दिला नव्हता तेवढा वेळ या प्रश्नाला दिला आणि निकाल लिहिला: तिकिटावर विषम नंबर असेल तो सामना नवऱ्याचा, सम असेल तो बायकोचा, त्या दिवशी दोन्ही खुर्च्या ज्याच्या त्याच्या. मात्र मोसमातला घरचा शेवटचा सामना, शेवटच्या वर्षाच्या मुलांना निरोप देतात तो, एका वर्षी नवऱ्याचा आणि एका वर्षी बायकोचा.

असं सहा वर्षं बिनबोभाट चाललं. आणि त्यातून एक रीत पडली. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. चेंडू नसतो तिथे बचाव कसा चाललाय, कोण पेंगतोय, कोण आपला गडी सोडून भलतीकडे बघतोय, ते फक्त प्रत्यक्ष बसलेल्याला दिसतं. म्हणून घरच्या प्रत्येक सामन्यानंतर कट्ट्यावर कुणीतरी 'खुर्चीतून' लिहितं. विषम सामन्यांचं वर्लिन लिहायचा, सम सामन्यांचं नोरीन. दोघांना बगळ्यांचा अर्धाच मोसम डोळ्यांनी दिसे, उरलेला अर्धा दुसऱ्याच्या लिहिण्यातून. वर्लिन तिचं लिखाण दोन-दोनदा वाचायचा. 'डावीकडचा पोरगा थकलाय, गुडघ्यांवर हात ठेवतो' असं तिने लिहिलं की त्याला तो पोरगा दिसे, आणि त्या पोराकडे बघणारी नोरीनही दिसे, हनुवटी पुढे काढून, पॉपकॉर्नचा डबा मांडीत दाबून. तिच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसत असेल, हा प्रश्न मात्र त्याने कधी विचारला नाही. विचारायचं कुठे? कट्ट्यावर? असेल कुणीतरी. हसरी, बोलकी बाई, एकटी थोडीच बसेल. हा विचार आला की तो झोनवर जास्तच तुटून पडायचा.

आता पेच असा पडला होता. जानेवारीत बर्फाचं वादळ आलं, रस्ते बंद झाले आणि दहाव्या नंबरचा सामना पुढे ढकलला गेला. तो आता येत्या रविवारी दुपारी एक वाजता होता. बाकीचे सगळे उरकले होते, त्यामुळे तोच शेवटचा ठरला आणि मुलांचा निरोपही त्याच दिवशी. तिकिटावर नंबर दहा, म्हणून सामना नोरीनचा. पण सामना शेवटचा, आणि यंदा शेवटचा वर्लिनचा. बिचाऱ्या न्यायाधीशाने बर्फाचा विचार केला नव्हता.

वर्लिनला काय हवं होतं ते त्याला स्वच्छ ठाऊक होतं. ती जायच्या आत एकदा, एकदाच, तिच्या शेजारी बसून सामना बघायचा होता. मागचं काही उगाळायचं नव्हतं. ती ओरडली की आपण दचकायचं, आपला पाय हलायला लागला की तिने गुडघ्यावर थापट मारायची, एवढंच. त्याचा जीव त्या एका दुपारसाठी तुटत होता.

त्याने कट्ट्यावर तिला खासगी निरोप लिहायला घेतला. 'नोरीन, रविवारी दोघं जाऊ या का?' खोडलं. 'रविवारचा सामना नक्की कुणाचा, याबद्दल बोलायला हवं.' हे वकिलासारखं वाटलं, खोडलं. 'झोनवर तुझं म्हणणं तितकंसं चूक नाही.' हे तर सरळ सरळ खोटं होतं. शुक्रवार गेला, शनिवार गेला. शेवटी त्याने ठरवलं की सामना तिला द्यायचा. तिचा शेवटचा आहे, तिने बघावा. आपण न जाणं हीच आपली भेट. वर्लिनला स्वतःचं हे औदार्य फार आवडलं. ती 'नाही' म्हणाली तर काय, या भीतीला त्याने औदार्याचा कोट चढवला होता, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तसल्या गोष्टी त्याच्या उशिराच लक्षात येत.

रविवारी चर्चमधून आल्यावर त्याने डुकराच्या मांसाचा तळलेला भला मोठा तुकडा पावात घातला, वर लोणच्याच्या चकत्या ठेवल्या आणि टीव्हीसमोर बसला. घर त्याच्या चुलत्याचं, शेतांच्या मधोमध. मैदानापासून गाडीने सव्वा तास. पडद्यावर निरोपाचा सोहळा सुरू झाला. मुलं आईबापांना घेऊन मैदानात येत होती, आयांच्या हातांत फुलं होती. लायल प्रुइट आला, शेतकऱ्याचा पोर, चार वर्षांत फारसा खेळायला न मिळालेला, पण मिळेल तेव्हा आपल्या गड्याला गोचिडासारखा चिकटणारा. वर्लिनचा लाडका. त्याची आई रडत होती. आणि त्या आईच्या डोक्यामागे, नवव्या रांगेत, गर्दीच्या जबड्यातले दोन दात पडावेत तशा दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

उशीर झाला असेल, असं त्याला वाटलं. पण नोरीनला कधी उशीर होत नसे. उशीर करायचा तो वर्लिन. दहा मिनिटं खेळ झाला. कॅमेरा डावीकडे वळला की वर्लिन खेळाडू सोडून गर्दीकडे बघे. रिकाम्या. पंधरा मिनिटं. रिकाम्याच. गुडघे म्हणाली होती. जिन्यात पडली असेल का? सामान बांधताना कपाट अंगावर आलं असेल का? पूर्वार्ध संपल्याची शिट्टी वाजली तेव्हा बगळे दोन गुणांनी पुढे होते, पण वर्लिनला विचाराल तर त्याने गुणफलक पाहिलाच नव्हता. सहा वर्षांत न फिरवलेला नंबर त्याने फिरवला. तो त्याला पाठ होता.

पहिल्याच घंटेला तिने उचलला.

"कुठेयस तू?" दोघंही एकदमच म्हणाले.

"घरी," वर्लिन म्हणाला. "तू बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तू घरी काय करतोयस? लायलचा निरोप आहे आज! तुझ्यासाठी सोडला मी सामना."

"अगं, दहा नंबर आहे तिकिटावर. तुझाच होता. मी तुझ्यासाठी सोडला."

मग नोरीन हसायला लागली, आणि हसता हसता तिचा श्वास अडकल्यासारखा झाला. "एकोणीस वर्षं रांगेत उभे राहिलो त्या खुर्च्यांसाठी," ती म्हणाली. "आणि बघ, आज त्यांच्यावर कुत्रंसुद्धा बसलेलं नाही."

वर्लिन उभा राहिला. "मी निघतो. आत्ता निघतो. तू हो पुढे, तुला तर दहा मिनिटं."

"अरे, तू येईपर्यंत दिवे मालवतील. आणि मी एकटी जाऊन काय करू? घरभर खोकी पडलीत, चपला कुठल्या खोक्यात गेल्या तेही आठवत नाही." मग ती म्हणाली, "फोन ठेवू नकोस. इथूनच बघू. दोघं मिळून."

तो बसला. गाडीची किल्ली हातातच राहिली.

उत्तरार्ध सुरू झाला आणि एक गंमत लक्षात आली. नोरीनच्या टीव्हीवर खेळ आधी दिसत होता. वर्लिनच्या खेड्यातलं इंटरनेट रखडत यायचं, त्यामुळे त्याच्याकडे तेच चाळीस-पन्नास सेकंद उशिरा. ती "अरे देवा!" म्हणून किंचाळायची आणि मग काही वेळाने त्याच्या पडद्यावर चेंडू हातातून निसटायचा.

"आधीच ओरडू नकोस ना," तो म्हणाला.

"मी वेळेवरच ओरडते. तूच मागे आहेस. नेहमीचंच."

"हे बघ, झोन लावली. मी सांगतो तुला, डावा कोपरा..."

"कोपरा झाकलाय रे! माझ्याकडे झाकला कधीच. तुझ्याकडे येईल आता." आणि खरोखरच, वर्लिनच्या पडद्यावर एक बगळा धावत डाव्या कोपऱ्यात पोहोचला आणि त्याने हात वर केले.

"नशीब," वर्लिन म्हणाला.

"नशीब म्हणे! मान्य कर म्हाताऱ्या, एकदा तरी मान्य कर."

"करतो. एकदाच. कट्ट्यावर सांगायचं नाही."

"चिडक्या बगळ्याला कळवणार मी."

त्याला हसू आलं. सहा वर्षांत तो घरात मोठ्याने हसला नव्हता. त्याच्या लक्षात आलं की आपण बोलतोय, सारखे बोलतोय. पडद्याकडे डोळे आणि कान तिच्याकडे. तिचा श्वास, खोक्यावर बसल्याचा आवाज, पॉपकॉर्न चावल्याचा आवाज. हे सगळं याच्याआधी एकतीस वर्षं फुकट मिळत होतं.

"बाकी काय चाललंय, चेंडू नाही तिथे?" तिने मध्येच विचारलं. सवयीने विचारलं असणार.

"मला काय दिसतंय? टीव्हीत दिसतं तेवढंच."

"मलाही तेवढंच." पॉपकॉर्नचा डबा खाली ठेवल्याचा आवाज आला. "वाईट वाटतं रे."

शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा सामना बरोबरीत होता. कोचने लायल प्रुइटला मैदानात उतरवलं. नोरीनकडे तो आधी उतरला, ती टाळ्या वाजवत होती, आणि वर्लिन अजून त्याला बाकावर बसलेला बघत होता. मग त्याच्याकडेही लायल उठला, शर्ट खोचत धावला आणि समोरच्यांच्या सगळ्यात धिप्पाड गड्याला जाऊन चिकटला. वर्लिनचा पाय हलायला लागला. गुडघ्यावर थापट मारायला शेजारी कुणी नव्हतं.

"नोरीन," तो म्हणाला, "तुझ्या सामन्यांना शेजारच्या खुर्चीवर कोण बसायचं?"

"म्हणजे?"

"सम नंबरच्या. दोन खुर्च्या असायच्या ना तुझ्याकडे."

"कुणी नाही," ती म्हणाली. "कोट ठेवायची मी. पहिल्या वर्षी वाटायचं, येशील. नियम मोडून येशील, म्हणशील सरक जरा. चेंडू हवेत उडून सामना सुरू होईपर्यंत मी दाराकडे बघायचे. तुझ्याकडे कोण बसायचं?"

"कुणी नाही."

वर्लिनच्या पडद्यावर अकरा सेकंद उरले होते, चेंडू समोरच्यांकडे होता आणि कोचने खेळ थांबवून वेळ मागून घेतला होता. घोळक्यात माना खाली घालून मुलं ऐकत होती. फोनमध्ये एकाएकी नोरीनने श्वास रोखला. काही सेकंद तसाच रोखून धरला. मग सोडला.

तिच्याकडे संपलं होतं. जिंकलो की हरलो ते तिला ठाऊक झालं होतं, आणि त्याच्या पडद्यावर मुलं अजून घोळक्यातच होती. आता बोललं नाही तर ती म्हणेल, चल, ठेवते, आणि आपण म्हणू, बरं. वर्लिनला ते 'बरं' जिभेच्या टोकावर आलेलं कळलं.

"नोरीन, जाऊ नकोस," तो म्हणाला. "ॲरिझोनाला. जाऊ नकोस गं."

त्याच्याकडे शिट्टी वाजली, खेळाडू आपापल्या जागी गेले. लायलने आपला गडी शोधला आणि त्याच्या छातीला छाती लावून उभा राहिला.

"घर दिलं रे मी," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "मंगळवारी सकाळी सातला गाडी येतेय सामानाची. बहिणीने खोली रंगवून ठेवलीय माझ्यासाठी. किती वर्षं वाट बघितली मी या एका वाक्याची, वर्लिन. खरंच बघितली. आता नाही बघत."

"काय झालं शेवटी?" त्याने विचारलं. "जिंकलो का?"

"तुझं तू बघ," ती म्हणाली, रागाने नाही, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणावं तसं. "आणि खुर्च्यांच्या कागदावर माझी सही करून पाठवते. दोन्ही तुझ्या. कोट नको ठेवूस, कुणालातरी बसव."

फोन बंद झाला. त्याच्या पडद्यावर घड्याळ सुटलं, अकरा, दहा, नऊ, आणि लायल प्रुइट त्या धिप्पाड गड्याच्या अंगाशी अंग लावून कोपऱ्याकडे सरकत राहिला. वर्लिन टीव्हीसमोर बसून होता, फोन कानाला तसाच, आणि नोरीनने मघाशीच पाहून संपवलेले ते अकरा सेकंद त्याच्याकडे आत्ता कुठे पोहोचत होते.